फळीवर न चढलेला मास्तर

आमचा म्हातारा होनोरियो एकतीस वर्षं रस्ते खात्यात बर्फ काढायचं यंत्र चालवत होता, आणि ती एकतीस वर्षं मी सुखात होते. पहाटे पाचला तो घाटाकडे निघायचा आणि अंधार पडताना परत यायचा. आला की जेवायचा आणि घोरायचा. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कांदा कसा चिरायचा हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. चुलीत लाकूड कुठल्या बाजूनं सारायचं, झाकण किती तिरकं ठेवायचं, रस्सा कधी ढवळायचा आणि कधी त्याला हातसुद्धा लावायचा नाही, हे सगळं मला तो स्टुलावर बसून सांगायचा. बर्फाला सांगण्याची सवय होती, आता मला सांगत होता. बर्फ निदान उन्हाळ्यात तरी सुटायचा.

हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढं तो पोराशी खोटं बोलला तेव्हा मी गप्प का बसले ते तुम्हाला समजेल.

पोरगा आला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आमच्याकडं ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, कुएस्ता कोलोरादा गावात तेव्हा कमरेएवढा बर्फ होता. लाकडाच्या ट्रकमधून उतरला तो पायात कापडी बूट, ओठ निळे आणि पाठीवर त्याच्यापेक्षा मोठी पिशवी घेऊन. तरी हसू कानापर्यंत. नाव देर्लिस, गाव आसुन्सिओन. म्हणजे पाराग्वायचा. तिथं तो लोकांच्या घरी एसी बसवायचा.

"सात वर्षं दुसऱ्यांच्या खोल्यांत थंडी बसवतोय, दोन्या एल्बा," तो मला म्हणाला. "म्हटलं, एकदा जिथं थंडी फुकट मिळते तिथं जाऊन यावं. आणि ते फळीवर उभं राहून घसरतात ना, ते शिकावं."

थंडी फुकट होती, घसरणं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तो वरच्या स्की केंद्रावर चालत गेला, भाव विचारून आला आणि बूटसुद्धा न काढता चुलीपुढं बसला.

"काय सांगितलं रे?" मी विचारलं.

"एका दिवसाचं तिकीट, फळी, बूट आणि शिकवणी. तेवढ्या पैशात मी घरी जाऊन परत इथं येऊ शकतो. वाटेत जेवूनसुद्धा."

आमच्याकडं पाहुण्यांच्या तीन खोल्या आहेत. त्यातली सगळ्यात लहान मी त्याला दिली. बदल्यात त्यानं लाकडं फोडायची आणि धुराडी साफ करायची असं ठरलं. पोरगा कामाला वाघ होता, पण एक खोड होती. आपण सगळे येर्बाची पानं कढत पाण्यात घालून नळीनं ओढून पितो, तो बर्फाच्या पाण्यात घालून प्यायचा. तेरेरे म्हणतात त्याला. बाहेर उणे आठ, आणि हा माझ्या छपराला लोंबणारे बर्फाचे सुळके मोडून थर्मासात भरतोय. होनोरियो त्याच्याकडं असा बघायचा, जणू तो पाळण्यात दगड घालतोय.

"थंड येर्बा! अरे, ही मेलेल्या माणसाची तऱ्हा झाली," तो म्हणायचा. "माझ्यापुढं तो पेला करू नकोस."

पोरगा रोज पेला पुढं करायचा आणि म्हातारा रोज तोंड फिरवायचा.

एका रात्री जेवताना देर्लिसनं सुस्कारा सोडला. "एवढं लांब आलो आणि बर्फ नुसता फावड्यानं उपसून जाणार."

होनोरियोचे तेव्हा वाइनचे तीन पेले झाले होते. तो मागं रेलला. "मी शिकवतो तुला."

"तुम्हाला येतं?"

"येतं?" म्हातारा माझ्याकडं बघून हसला, जणू मी साक्षीदार. "ह्या डोंगराचा बर्फ मला नावानं ओळखतो, पोरा. किती जणांना शिकवलं त्याचा हिशेब नाही."

चौदाव्या वर्षी शेळ्यांमागं धावताना तो एकदा ढुंगणावर घसरला होता. बर्फाशी पायांचा संबंध तेवढाच. मी टेबलाखाली पाय उचललासुद्धा लाथ घालायला. पण मग विचार केला, शिकवणी म्हणजे बाहेर. रोज. दोन-तीन तास.

पाय खाली ठेवला आणि म्हणाले, "आणखी थोडा रस्सा घे, देर्लिस."

फळी आमच्याकडं होतीच. आठ वर्षांपूर्वी एक स्विस पाहुणा पाय मोडून घरी गेला, फळी सोडून. मी ती कोंबड्यांना दिली होती, खुराड्यात चढायला. त्यांचे पाय घसरू नयेत म्हणून वरून लाकडी पट्ट्याही ठोकल्या होत्या. होनोरियोनं पट्ट्या उपटल्या, खिळ्यांच्या भोकांत मेण ओतलं, तळाला देवघरातली मेणबत्ती घासली आणि पाय अडकवायचे पट्टे फडताळातून शोधून काढून परत बसवले. कोंबड्यांना मी दुसरी फळी लावली, तर त्या तिच्यावर चढेनात. महिनाभर रोज संध्याकाळी एकेकीला उचलून खुराड्यात ठेवत होते. शिकवणीची किंमत कोणीतरी मोजतंच.

बूट देर्लिसनं सुताराकडून मागून आणले, रबरी, दोन मापं मोठे. चार मोजे घातले की बसायचे. विजार मी शिवली, कोंबड्यांच्या खाद्याच्या प्लास्टिकच्या पोत्यांची, आतून जुन्या गादीचा स्पंज लावून. कापड बेतताना माझं लक्ष नव्हतं. अंगात घालून तो वळला तेव्हा ढुंगणावर लाल अक्षरांत आडवं लिहिलेलं आलं: "अंडी देणाऱ्यांसाठी खास".

"दिसतं का काही?" त्यानं मान वळवून विचारलं.

"काही नाही. छान बसलीये," मी म्हणाले.

आमच्या घरामागं बकऱ्यांचा उतार आहे. वर काटेरी झुडपं आणि खाली आमचं खुराडं. मधली जागा मोकळी. माझ्या खिडकीतून सगळा दिसतो. पहिल्या दिवशी मास्तर खात्याचं नारिंगी जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून खाली उभे राहिले. शिष्य वर. मास्तरांना तो प्रोफे म्हणायचा.

"प्रोफे, आता काय करू?"

"खाली ये!"

"कसा?"

"न पडता!"

शिकवणी एवढीच. पोरगा तीन पावलं घसरला आणि तोंडावर आपटला. उठला, मागं आपटला. मी बटाटे सोलत मोजत होते, चाळीसनंतर बटाटे संपले. शेवटच्या खेपेला तो थेट खुराड्याच्या जाळीत आला, आणि दोन दिवस एकाही कोंबडीनं अंडं दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र काहीतरी झालं. मी कपडे वाळत घालत होते. होनोरियो खालून बराच वेळ बघत राहिला, मग एकदम ओरडला, "अरे, पातं सपाट नको धरूस! सपाट धरलं की बर्फ तुला ओढतो! पातं तिरकं धर!"

"कुठलं पातं, प्रोफे?"

"फळी! फळी म्हणजे यंत्राचं पातं! टाच दाब, वरची कड बर्फात घुसव. आणि घाई नको, गिअर खाली टाक. घाटात तू बर्फाला ढकलायचं नाहीस, बर्फानं बाजूला व्हायचं ठरवेपर्यंत थांबायचं!"

देर्लिसनं टाच दाबली आणि फळी तिरकी झाली. उतारावर बर्फ खरवडल्याचा लांब आवाज आला, आणि पोरगा हळूहळू, हात पसरून, उभ्यानं खाली आला. खुराड्याच्या हातभर अलीकडं थांबला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. कोणाला जास्त आश्चर्य वाटलं होतं ते मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून म्हातारा बदलला. सकाळी मीठ किती घातलं ते न विचारताच बाहेर पडायचा. वाऱ्यानं कडक झालेला बर्फ, दुपारी ओला होणारा, सावलीतला दगा देणारा, सगळे त्याला हाताच्या रेषांसारखे पाठ होते. तो ओरडायचा आणि पोरगा करायचा. दोन आठवड्यांत देर्लिस डावीकडं वळायला लागला. उजवीकडं वळायला आणखी चार दिवस लागले.

अडचण एकच होती. "प्रोफे, एकदा तुम्ही करून दाखवा ना."

"डॉक्टर काय स्वतः आजारी पडून दाखवतो?"

"तसं नाही, पण डोळ्यांनी बघितलं की..."

"गुडघा," म्हातारा म्हणायचा. उजवा. कधी डावा.

एका रविवारी मी प्रार्थनेहून आले, तर होनोरियो जेवायला बसताना एकच कुल्ला खुर्चीला टेकवून बसला. दुसऱ्या रविवारी दुसरा. त्या रात्री पलंगावर मी पांघरूण उचललं. मागं कमरेपासून मांडीपर्यंत वांग्यासारखं काळंनिळं.

"हे काय?"

"स्टुलावरून पडलो."

"स्टूल डोंगरावर होतं का?"

तो भिंतीकडं तोंड करून झोपला. मी चर्चमध्ये आणि देर्लिस गावात धुराडी साफ करायला गेला की म्हातारा कोंबड्यांच्या साक्षीनं एकटा फळीवर चढत होता. मला हसू आलं आणि धास्तीही वाटली. सदुसष्ट वर्षांचा माणूस. पण मी कोणाला बोलले नाही.

पुढचं मात्र माझ्यामुळं झालं. ऑगस्टचा शेवटचा रविवार हा वरच्या केंद्रावर गावकऱ्यांचा दिवस. आमच्या गावातल्या माणसाला त्या दिवशी तिकीट नाही, आणि प्रत्येकाला आपल्यासोबत एक पाहुणा नेता येतो. मी हे देर्लिसला सहज सांगितलं. सहज म्हणजे, खोटं कशाला बोलू, मला गंमत बघायची होती.

पोरगा उडालाच. "म्हणजे प्रोफे मला नेणार! खऱ्या डोंगरावर! आणि आपण दोघं एकत्र खाली येणार!"

होनोरियोच्या तोंडातला पाव तसाच राहिला. "गुडघा बघू कसा राहतोय," तो म्हणाला.

"मी मालिश करतो!" देर्लिस म्हणाला, आणि शनिवारी रात्री खरंच त्यानं दोन्ही गुडघ्यांना मेंढीची चरबी लावून मालिश केली. म्हातारा छताकडं बघत पडून राहिला, फाशीच्या आदल्या रात्रीसारखा.

रविवारी होनोरियोनं अनिसेतो पाववाल्याची फळी मागून घेतली आणि काखेत मारून निघाला. मीही निघाले, तारेवरच्या उडत्या खुर्चीनं वर जाऊन तिनंच खाली येणाऱ्यांत. वर जाणाऱ्या खुर्च्या दोघादोघांच्या. पुढच्या खुर्चीत ते दोघं. होनोरियोनं फळी बाळासारखी छातीशी धरलेली. मागच्या खुर्चीत मी आणि ब्युनोस आयर्सची एक गॉगलवाली बाई. आमच्या दोघींना वाऱ्यामुळं काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या.

अर्ध्या वाटेवर खुर्च्या थांबल्या. अशा थांबतातच. खाली पन्नास हात दरी, वारा आणि हलणारी तार.

होनोरियोनं मान खाली घातली आणि काहीतरी बोलला. फार नाही. एखादं वाक्य असेल.

देर्लिसची पाठ एकदम ताठ झाली. मग त्याचे दोन्ही हात वर गेले. मग एक हात खाली दरीकडं, एक आकाशाकडं, मग स्वतःच्या डोक्यावर. वाऱ्यानं दोन शब्द आणून टाकले, "माझी मान!" मग थोड्या वेळानं, "...कोंबड्यांसमोर!"

"भांडतायत का ते?" गॉगलवालीनं विचारलं.

"नाही, शिकवणी चाललीये," मी म्हणाले.

होनोरियोनं फळी आणखी घट्ट आवळली. त्याचे खांदे फळीच्या मागं लहान लहान होत चालले होते. मी बेचाळीस वर्षं ते खांदे बघितलेत, इतके लहान कधी बघितले नव्हते. मला तिथल्या तिथं वाटलं, आपण त्या रात्री लाथ घालायला हवी होती.

मग पोरानं थर्मास काढला, पेल्यात बर्फाचं पाणी ओतलं आणि प्यायला. परत ओतलं, परत प्यायला. म्हाताऱ्यापुढं केला नाही. आमच्याकडं असं कोणी करत नाही. दोघं बसलेत आणि पेला एकाच्याच हातात फिरतोय, हे थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. तीन वेळा, चार वेळा. गॉगलवालीनं बघायला गॉगल कपाळावर सरकवला.

पाचव्या वेळी देर्लिसनं पेला भरला आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ. मग न बघता, हात नुसता बाजूला केला.

होनोरियोनं फळी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं पेला घेतला. थंड येर्बा! उणे दहात, वाऱ्यात, दरीवर लोंबकळत! त्यानं नळी तोंडात घातली आणि तळाला आवाज येईपर्यंत ओढली. त्याचं सगळं अंग शहारलेलं मला मागून दिसलं. त्यानं पेला परत दिला. पोरानं पुन्हा भरून पुन्हा त्याच्यापुढं केला. शिक्षाच ती. म्हाताऱ्यानं तोही संपवला. तिसऱ्या पेल्याला देर्लिसचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतोय. तो हसत होता.

खुर्च्या सुरू झाल्या.

वर उतरताना होनोरियो असा पडला की यंत्र परत थांबवावं लागलं. देर्लिसनं त्याला काखेत धरून बाजूला ओढलं, बर्फ झटकला आणि म्हणाला, "तुमच्यावर विश्वास ठेवून मी त्या झुडपांत किती वेळा घुसलोय, होनोरियो!" प्रोफे नाही, नुसतं होनोरियो. "आता मी खाली जातोय. परत वर येईन तेव्हा तुम्ही उभे असायला हवं."

आणि तो गेला. लाल अक्षरं पाठीमागं झळकवत, डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. त्या लांब पांढऱ्या उतारावर खुराडं आडवं नव्हतं, आणि आपल्याला किती येतं ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं. एकदा त्यानं जोरात आरोळी ठोकली. आम्ही दोघं तो ठिपका होईपर्यंत बघत राहिलो.

"बघितलंस?" होनोरियो म्हणाला. "पातं कसं धरलंय."

"बघितलं. आता तू माझ्याबरोबर खुर्चीत बस आणि खाली चल."

"नाही."

"अरे म्हाताऱ्या, हाडं मोडतील."

"मोडली तर तू आहेसच सांगायला, की सांगितलं होतं."

मग काय करणार? बर्फात गुडघे टेकून मी त्याचे पट्टे आवळले, पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधाव्यात तसे. तो माझ्या खांद्याला धरून उठला, सुटला, आणि चार पावलं उभ्यानं गेला.

"पाच!" तो बर्फातून ओरडला.

"चार!"

"पाच, मी मोजलीयेत!"

मी खुर्चीनं खाली आले आणि चहाच्या टपरीच्या बाकावर बसले. म्हाताऱ्याला खाली यायला तीन तास लागले. बरंचसं अंतर तो ढुंगणावर आला, काही पोटावर. एकदा फळी एकटीच आली आणि तो मागून चालत. ह्या वेळात देर्लिसनं सहा फेऱ्या मारल्या, आणि प्रत्येक फेरीत त्याच्यापाशी थांबून ओरडला. मला बाकावरून ऐकू यायचं.

"टाच दाबा! पातं तिरकं! घाई कशाला, घाट पळून जातोय का? गिअर खाली, होनोरियो, गिअर खाली!"

"माहितीये मला!"

"माहितीये तर करा की!"

शेवटचा उतार सपाटीला लागतो तिथं म्हातारा उठला आणि पंधरा-वीस पावलं न पडता आला, गुडघे वाकवून, हात पसरून, तोंड उघडं टाकून. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. केंद्र बंद व्हायला आलं होतं. मी होते, आणि टपरीवाल्याचं कुत्रं होतं, ते भुंकलं.

घरी आल्यावर मी त्याचे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात घातले. देर्लिसनं आमच्यासाठी त्याच्या देशाचं सूप केलं होतं. मी चमचे मांडले, तर त्यानं विटेसारखी मक्याची भाकर कापून ताटात ठेवली. त्यांच्याकडं ह्यालाच सूप म्हणतात. मी चमचे परत उचलले, त्या दिवशी पुष्कळ झालं होतं. चव मात्र छान होती, चीज भरपूर.

तेवढ्यात अनिसेतो पाववाला फळी न्यायला आला. तिच्यावरचे ओरखडे बघून त्यानं कपाळाला हात लावला, मग घमेल्यातल्या होनोरियोकडं बघितलं.

"काय रे, हे काय करत होतास?"

"शिकवत..." होनोरियोनं सुरुवात केली. देर्लिस चावता चावता थांबला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं, घमेल्यातल्या पाण्याकडं बघितलं. "शिकत होतो," तो म्हणाला.

"ह्या वयात? कोणाकडं?"

तोंड भरलेलं होतं म्हणून देर्लिसनं नुसता हात वर केला.

पोरगा आणखी महिनाभर राहिला. वरच्या केंद्रानं त्याला उपाहारगृहाचे हीटर दुरुस्त करायला ठेवून घेतलं. पगाराऐवजी त्यानं वर जायचा पास मागितला. लाकडं होनोरियो फोडायला लागला. शिकवणी आता दुसऱ्या बाजूनं चालू होती, तेव्हा ते न्यायाचंच होतं. दोघं रोज भांडत. टाचेवरून आणि बर्फावरून, शिवाय तेरेरेत पुदिना घालायचा की नाही ह्यावरून.

सप्टेंबरच्या शेवटी उतारावर चिखल झाला आणि शेळ्या परत चरायला लागल्या. देर्लिस चिलीकडं जाणाऱ्या ट्रकमध्ये चढला. मी त्याला उकडलेली अंडी बांधून दिली. होनोरियो ट्रकच्या खिडकीशी उभा राहून त्याला काहीतरी लांबलचक सांगत होता, हातानं वळणं काढून दाखवत. इंजिन चालू होतं, मला काही ऐकू आलं नाही. पोरगा मान हलवून नाही-नाही म्हणत होता. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला, तरी त्यांचं संपेना.